रॅम्पखालचं चेंबर

अनुपमा कोचरेकरला फोन आला की ती आधी विचारते, "पाणी कुठून वर येतंय?"

समोरचा माणूस तोवर ओरडायच्या बेतात असतो. घरात गटाराचं पाणी शिरलेलं, बायको पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, संध्याकाळी पाहुणे यायचे, आणि ही बाई शांतपणे विचारते की न्हाणीघराच्या जाळीतून येतंय का कमोडमधून? वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वाढतं का? फेस दिसतो का, की नुसतंच काळं आहे? चार उत्तरं मिळाली की ती म्हणते, "काका, बिल्डिंगच्या मागे जिन्याखाली एक चौकोनी झाकण असेल. त्यावर तुळशीची नाहीतर कसली तरी कुंडी ठेवलीय बघा. ती फक्त बाजूला करून ठेवा, आम्ही निघालो." काका फोन कानाला लावूनच मागे जातात. झाकण असतं, त्यावर कुंडीही असते.

मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत कित्येक सोसायट्यांत लोक हे किस्से एकमेकांना सांगतात. बाईला घरबसल्या कसं कळतं, म्हणतात. कळण्यामागे अकरा वर्षं होती. अकरा वर्षं अनुपमा फक्त फोन घ्यायची.

तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरला एका शाळेत वॉचमनची नोकरी धरली आणि अनुपमाने बारावीनंतर मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. शरच्चंद्र देवस्थळी नावाच्या इंजिनियरचा तिथे एक गाळा होता. देवस्थळींनी आधी पंप बनवले, मग तुंबलेल्या ड्रेनेज लाइन मशीनने साफ करायचं काम सुरू केलं. अनुपमाचं काम एवढंच की फोन उचलायचा, पत्ता लिहून घ्यायचा आणि "माणूस येतोय" म्हणायचं.

पण देवस्थळी जुन्या वळणाचे. काम झालं की प्रत्येक इमारतीच्या लाइनचा नकाशा ते स्वतः कागदावर काढून ठेवायचे. पेन्सिलने, पट्टी लावून. कुठलं चेंबर किती खोल, पाइप कुठे वळतो, काय अडकलं होतं. दुपारी फोन थंड असायचे तेव्हा अनुपमा ते कागद वाचायची. हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं, की सकाळी फोनवर ज्याने "फेस येतोय" सांगितलं होतं, त्याच्या कागदावर दरवेळी स्वयंपाकघराची लाइन तुंबलेली निघते. ज्याने "वरचा नळ सोडला की येतं" सांगितलं, त्याचं शेवटचं चेंबर भरलेलं असतं. मग ती स्वतःहून जास्त विचारायला लागली.

एकदा तिने देवस्थळींना विचारलं, "साहेब, ह्या बिल्डिंगचं दर सहा महिन्यांनी का तुंबतं?"

देवस्थळींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ते तिला साइटवर घेऊन गेले. पारदर्शक पाइपात पाणी भरून दोन टोकं दोन चेंबरांवर धरली आणि पाण्याची पातळी तिलाच वाचायला लावली. लाइनला उताराऐवजी चढ होता. "बघितलंस?" ते म्हणाले. "रस्त्याचं काम झालं, ह्या बाजूची जमीन उचलली गेली आणि पाइप उलटा झाला. आता हे लोक वर्षानुवर्षं तळमजल्यावरच्या माणसाला शिव्या घालतात, की तूच काहीतरी टाकतोस." त्या दिवशी अनुपमाला आपली नोकरी पहिल्यांदा आवडली.

पुढे एकदा घाटकोपरला माणसं तीन चेंबरं उघडून बसली, तरी पाणी हलेना. अनुपमाने फोनवर सांगितलं की चौथं चेंबर रसवंतीच्या दुकानाखाली असणार. कुणी ऐकेना. तिने गाळ्याला कुलूप लावलं, रिक्षा पकडली, दुकानदाराला गोड बोलून उसाचं मशीन सरकवायला लावलं. खाली झाकण निघालं. त्यानंतर ती खुर्चीवर फार काळ बसली नाही.

देवस्थळी थकले आणि मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी टेम्पो आणि मशीन तिच्या नावावर केलं. सोबत दोन माणसंही आली. मशीन चालवणारा सुयोग, आणि बाळा धुरी. नकाशांचा गठ्ठा त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या मांडीवर ठेवला आणि एकच अट घातली, "माणूस आत उतरवायचा नाही. कामच सोडावं लागलं तरी चालेल." अनुपमाने मान हलवली. तिला ती अट सोपी वाटली होती.

टेम्पोवर नाव काय लिहायचं यावर घरात चर्चा झाली. दिराने इंग्रजी नाव सुचवलं, हायजीन सोल्युशन्स की असंच काहीतरी. नातेवाइकांत सांगायला बरं पडेल, हा मुद्दा होता. अनुपमा म्हणाली, "अरे, ज्याच्या घरात घाण पाणी आलंय त्याला सोल्युशन वाचून काय कळणार? आपण गटारं साफ करतो ना, मग तेच लिहायचं." तिचा नवरा सुरेंद्र गोरेगावच्या स्टुडिओत सेटवर सुतारकाम करतो. त्याने तिथल्याच एका पेंटरला घरी आणलं. पिवळ्या, हातभर उंच अक्षरांत टेम्पोवर लिहिलं गेलं: गटार, चेंबर, संडास लाइन तुंबल्यास – अनुपमा कोचरेकर. सुरेंद्र दोन पावलं मागे सरकून बघत राहिला. "झकास," तो म्हणाला. "आमचे राजवाडे आठ दिवसांत मोडतात यार. हे टिकेल."

सुरुवातीला लोक तिला बघून विचारायचे, "साहेब कुठेत?" बोरिवलीला एका बाईंनी पाण्याची बाटली लांब पायरीवर ठेवली आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. अनुपमा तिथवर गेली आणि हसून म्हणाली, "मावशी, ग्लासात द्या ना. हात दोनदा धुतलेत साबणाने." बाई ओशाळल्या. ग्लास आणला, मग खुर्चीही आणली. अशा वेळी वाईट वाटत नाही का, असं कुणी विचारलं तर अनुपमा म्हणते, "वाटायचं. पण पाणी उतरल्यावर लोकांचे चेहरे बघितलेत कधी? आमच्याकडे देव आल्यासारखं बघतात."

बाळा धुरीला मात्र असल्या गोष्टींची फिकीरच नव्हती. मूळचा कुडाळकडचा, चोपन्न वर्षांचा, बुटका आणि दगडासारखा घट्ट. देवस्थळींकडे येण्याआधी वीस वर्षं तो कंत्राटदारांकडे मॅनहोलमध्ये उतरायचा. आणि त्याचा त्याला अभिमान होता. काळोखात नुसत्या हाताने चाचपून पाइप कुठून कुठे गेलाय ते सांगायचा, असं त्याच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. मशीनवर त्याचा पूर्ण विश्वास कधीच बसला नाही. नळी आत सोडताना तो बाजूला उभा राहून मान हलवायचा. "ह्याका काय दिसता? माका इचार."

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन आला. बाईचा आवाज होता, घाबरलेला पण नीट बोलणारा. "मी निधी. मरोळच्या डायलिसिस सेंटरमधून बोलतेय. आमच्याकडे पाणी आलंय."

"कुठून येतंय?"

"मागच्या वॉश एरियाच्या जाळीतून. मशीनचं सांडपाणी जिथे जातं तिथूनच उलटं येतंय. सात पेशंट मशीनवर आहेत आत्ता. त्यांना मध्येच काढता येत नाही."

हे सेंटर पाच मजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. अकरा खुर्च्या, दिवसाला तीन पाळ्या. रक्त साफ करणाऱ्या मशीनमधून पाणी सतत बाहेर पडत असतं आणि ते गटारातच जातं. तेच गटार आता उलटं येत होतं.

"निधी, वर ऑफिसं आहेत ना? वॉचमनला सांग, वरच्या टाकीचा व्हॉल्व बंद कर. आत्ता, फोन चालू असतानाच. वरून पाणी थांबलं की खाली चढायचं थांबेल." मग तिने दुसरी गोष्ट विचारली. "मशीनचे ड्रेनचे पाइप जाळीतून काढून ड्रममध्ये सोडता येतील का?"

निधीने जरा विचार केला. "येतील. पाइपाची उंची सांभाळावी लागेल, ते मी बघते. पण ड्रम भरतील ना."

"भरू देत. मी ओढून घ्यायची गाडी घेऊन येतेय. तू ड्रम शोध."

अनुपमा पोहोचली तेव्हा निधीने पाच निळे ड्रम जमवले होते. कुठून, ते तिने सांगितलं नाही. ओळखीच्या एका माणसाची सक्शनची गाडी अनुपमाने वाटेतच बोलावून घेतली होती. ती गाडी खिडकीखाली लागली, नळी आत गेली आणि भरलेले ड्रम एकामागून एक रिकामे होऊ लागले. वॉश एरियातलं पाणी घोट्याएवढं होतं. खुर्च्यांपर्यंत अजून आलं नव्हतं.

सेंटरचे डॉक्टर हर्षद पॅसेजमध्ये येरझारा घालत होते. चाळिशीचा माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पायात रबरी चपला. "ह्या सात जणांचं निभावलं," ते म्हणाले. "पण साडेअकराची पाळी आहे. अकरा पेशंट. एवढं पाणी ड्रमांनी किती वेळ सांभाळणार? मी त्यांना परत पाठवू का?"

बाहेर बाकावर एक म्हातारी आधीच येऊन बसली होती. सोनूबाई तिचं नाव. हिरवी नऊवारी, डाव्या दंडावर पट्टी, पायांवर सूज. तिने डॉक्टरांचं बोलणं ऐकलं आणि अनुपमाकडे बघून म्हणाली, "माझा मंगळवार हाय आज. मंगळवार चुकला की बुधवारी मला आडवं पडवत नाय, दम लागतो. तुमचं काय असंल ते बघा, पण माझा मंगळवार घालवू नका."

"नाही घालवणार, आजी," अनुपमा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, आपण हे उगाच बोलून बसलो. लाइन अजून बघितलीसुद्धा नव्हती.

इमारतीच्या मागचं चेंबर काठोकाठ भरलेलं होतं. तिथून लाइन बाजूने पुढे येऊन गेटजवळच्या खोल मॅनहोलला मिळत होती. ते मॅनहोल बारा फूट खोल, आणि सुयोगने झाकण उचललं तर तळाशी जेमतेम ओल. म्हणजे तुंबलंय ते ह्या दोघांच्या मधे. सत्तर फुटांत कुठेतरी. सुयोगने मागच्या चेंबरमधून जेटिंगची नळी सोडली. जोराच्या पाण्यापुढे कापड, केस, चरबी असलं सगळं फाटून वाहून जातं. इथे नळी बेचाळीस फुटांवर जाऊन थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. तीन वेळा तेच झालं.

"घट्ट काहीतरी आहे ताई," सुयोग म्हणाला. "आदळून परत येतेय."

अकरा वाजत आले होते. बाळा मॅनहोलच्या तोंडाशी ओणवा होऊन आत बघत होता. तो उठला आणि शर्टाची बटणं सोडायला लागला.

"काय करतोयस बाळादा?"

"पाच मिन्टांचा काम हा. खाली कोरडा हा. मी उतारतंय, खालसून पहार मारतंय, फुटात."

"नाही."

"ताई, तू बाजूक हो. वीस वर्सा ह्याच केलंय मी."

डॉक्टर हर्षद तिथवर आले होते. त्यांनी ऐकलं, आणि त्यांच्या डोळ्यांत आशा दिसली. "हे उतरणार असतील तर मी ऑक्सिजन देतो. मास्क देतो, सिलेंडर देतो. मी स्वतः इथे उभा राहतो. बाई, माझे पेशंट यायला लागलेत."

हाच प्रसंग अनुपमाला अवघड गेला. कुणी उर्मट माणूस असता तर तिने दोन शब्द सुनावले असते. पण हा माणूस स्वतःसाठी मागत नव्हता. बाकावर सोनूबाई बसलेली होती. आणि उतरणारा तर आपणहून उतरायला निघाला होता.

तिने टेम्पोतून विषारी गॅस ओळखणारा मुठीएवढा मीटर काढला, दोरीला बांधला आणि मॅनहोलमध्ये सोडला. चार फुटांवर गप्प. आठ फुटांवर तो केकाटायला लागला आणि थांबेचना.

"ह्या काय पण बोंबलता," बाळा म्हणाला. "गॅसचो वास माका कळता. माका काय वास येणा नाय."

"बाळादा, तो गॅस जास्त असला की आधी नाकच मारतो. वास येत नाही तेव्हाच घाबरायचं." ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आणि मास्क लावलास, गॅसचं निभावलं, समज. तू खालून पहार मारलीस आणि ते फुटलं. त्याच्या मागे काय आहे? पाच मजल्यांचं पाणी आहे. ते कुठे येणार? तुझ्या तोंडावर. बारा फूट वर चढायला तुला वेळ कोण देणार?"

बाळाचे हात थांबले. शर्ट अर्धा निघालेला होता.

अनुपमा डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, तुमच्या खुर्चीवरचा माणूस वाचवायला माझा माणूस मी मरणाच्या तोंडात नाही देणार. कायद्याने बंदी आहे, ते सोडा. कायदा नसता तरी नाही दिला असता. तुमची साडेअकराची पाळी चालू करा. ड्रम मी सांभाळते, आणखी एक गाडी मागवते. पण ह्या भोकात कुणी जाणार नाही." तिने सुयोगला सांगितलं, "झाकण ओढ." झाकण अर्धं आलं आणि ती त्यावर जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मग वळून आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "निधी, पुढच्या पेशंटना घे. सोनूबाईंना आधी."

आता लाइन शोधायची होती. कॅमेऱ्याची केबल मागच्या चेंबरमधून सोडून उपयोग नव्हता, घाण पाण्यात काहीच दिसलं नसतं. सोडायची तर कोरड्या बाजूने, मॅनहोलमधून. पण बारा फूट खाली पाइपाचं तोंड, वरून केबल त्यात घालायची कशी? सुयोगने दोनदा प्रयत्न केला. केबल तळाशी जाऊन वेटोळं घालून बसायची.

बाळा भिंतीला टेकून पाठ करून उभा होता. अनुपमा त्याच्याजवळ गेली. "बाळादा, असल्या मॅनहोलमध्ये पाइपाचं तोंड कुठे असतं?"

 तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "तळापासून वीतभर वर. इमारतीच्या अंगाक. पण जुन्या कामात जरा डाव्या हाताक सरकलेला आसता."

"वरून घालून देशील?"

बाळाने शर्टाची बटणं लावली. टेम्पोतला लांब बांबू काढला, टोकाला तारेचा आकडा केला, त्यात केबल अडकवली. मॅनहोलच्या काठावर गुडघे टेकले आणि डोळे मिटले. खरंच मिटले, सुयोगने नंतर दहा जणांना सांगितलं. बांबू खाली गेला, भिंतीला दोनदा टेकला, जरासा डावीकडे सरला आणि बाळा म्हणाला, "सोड." केबल पाइपात सरळ शिरली. जणू तो खाली उभा राहून हाताने घालत होता.

पडद्यावर पाइपाची ओली गोल भिंत सरकत होती. दहा फूट, वीस फूट. अठ्ठावीस फुटांवर पाइप संपला, एक छोटं चौकोनी चेंबर लागलं, आणि ते पुढून गच्च भरलेलं होतं. राखाडी, घट्ट. सिमेंट. सिमेंटमध्ये अर्धवट बुडालेले टाइल्सचे तुकडे, विटकरी रंगाचे, त्यांवर उठावदार रेघा.

सुयोगने अंतर मोजत टेप जमिनीवर टाकला. मॅनहोलपासून अठ्ठावीस फूट, मागच्या चेंबरपासून बेचाळीस. दोन्ही टेपची टोकं एकाच जागी आली. सेंटरच्या दारासमोर, व्हीलचेअरसाठी बांधलेल्या नव्या रॅम्पवर. रॅम्पला विटकरी टाइल्स होत्या, त्यांवर उठावदार रेघा, चाकं घसरू नयेत म्हणून.

अनुपमाने डॉक्टरांना बाहेर बोलावलं आणि पडदा दाखवला. त्यांनी तो बघितला, मग रॅम्प बघितला. डिसेंबरमध्येच तो बांधून झाला होता. जागा मिळवायला त्यांनी इमारतीतल्या लोकांशी वर्षभर वाद घातला होता, हे निधीने नंतर सांगितलं.

"गवंड्याने चेंबर बुजवलं," ते म्हणाले.

"झाकलं, आणि उरलेला माल आत लोटला. रोज थोडं थोडं अडकत गेलं. दोन महिने लागले भरायला, एवढंच."

"फोडा," डॉक्टर म्हणाले. "सगळा फोडायला लागला तरी फोडा."

"सगळा नाही लागणार. तीन फूट बाय तीन फूट. खड्ड्यावर आम्ही फळी घालून देतो, चाकं जातील."

साडेअकराच्या पाळीचे पेशंट बाजूच्या पायऱ्यांवरून आत गेले होते. दोघांना सुयोग आणि वॉचमनने खुर्चीसकट उचलून नेलं होतं. आत अकरा मशीनं चालू होती, खिडकीखाली दोन गाड्या आळीपाळीने ड्रम उपसत होत्या, आणि दाराबाहेर बाळा पहार घेऊन रॅम्पवर उभा होता. त्याने पहार आपटून आवाज ऐकला, एक पाऊल पुढे सरकला, पुन्हा आपटली. "हय," म्हणाला. टाइल्स उडाल्या, खालचा कोबा फुटला आणि लोखंडी झाकण दिसलं, सिमेंटमध्ये रुतलेलं.

झाकण निघायला तासभर गेला. चेंबर तीनच फूट खोल, तिथून पुढे पाइप तिरका मॅनहोलच्या तळाकडे उतरत होता. त्यामुळे सगळं काम वर उभं राहूनच करता येत होतं. अनुपमाने आधी मागच्या चेंबरमधलं वरवरचं पाणी गाडीने ओढून घेतलं, दाब कमी केला. मग बाळाने लांब पहारीने सिमेंटचा गोळा कडेकडेने सैल करायला घेतला. तो घाई करत नव्हता. दहा घाव, मग थांबून ऐकायचं, मग पुन्हा दहा. घामाने त्याची पाठ भिजली. एका घावानंतर त्याने हात वर केला. "सगळ्यांनी मागे व्हा."

शेवटचा घाव बसला आणि जमिनीखालून एक लांब, जाड आवाज आला, कुणी मोठ्याने आवंढा गिळावा तसा. पाणी सुटलं. रॅम्पच्या खालून गेलं आणि काही क्षणांत गेटजवळच्या मॅनहोलमध्ये धबधब्यासारखं कोसळलं. बारा फूट खोल तळ छातीएवढ्या पाण्याने भरून उसळला आणि मग हळूहळू उतरत वाटेला लागला.

बाळा काठाशी उभा राहून ते बघत होता. बराच वेळ बघत होता. त्याने अनुपमाकडे मात्र बघितलं नाही.

सुयोगने जेटिंगची नळी सोडली. ती सत्तर फूट न थांबता आरपार गेली. आत निधीने ड्रममधले पाइप एकेक करून पुन्हा जाळीत सोडले, वॉश एरिया धुऊन काढला, औषध टाकलं. डॉक्टरांनी वरच्या टाकीचा व्हॉल्व उघडायला सांगितला. पाच मजल्यांवरचे नळ सुरू झाले आणि खाली जाळीत पाणी गुमान जात राहिलं. साडेतीन वाजले होते. त्या दिवशी एकाही पेशंटची पाळी चुकली नाही.

सोनूबाई चार तासांनी बाहेर आली, फिकट पण ताठ. फोडलेला रॅम्प, त्यावरची फळी, पहार, चिखलाने भरलेली माणसं, सगळं तिने बघून घेतलं. अनुपमाच्या डोक्यावर हात ठेवायला तिने हात वर केला. अनुपमा मागे सरली. "आजी, नको, अंगाला घाण आहे माझ्या."

"असू दे की," सोनूबाई म्हणाली. "माझ्या आतली घाण तर दर खेपेला दुसरंच कोण काढतंय." आणि तिने हात ठेवलाच.

 परतीच्या वाटेवर सुयोग टेम्पो चालवत होता, अनुपमा मधे, बाळा खिडकीशी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाळा बाहेर बघतच बोलायला लागला. "वांद्र्याक होतंय तेव्हा. माझो जोडीदार होतो एक. आम्ही दोघा उतारलो. असाच कोरडा होता. वरसून काय सुटला कोणाक ठाव. माका दोरीन वर ओढला. तो वर येवक नाय."

ही गोष्ट अनुपमाला देवस्थळींनी केव्हाच सांगितली होती. पण बाळाने तिला नऊ वर्षांत पहिल्यांदा सांगितली.

"आज तुका वाटला," तो म्हणाला, "तू झाकणावर उभी रवलंस म्हणून मी चिडलंय. तसा नाय हा. तेव्हा कोण तसा उभा रवला असता तर..."

 अनुपमाने त्याच्या हातावर हात ठेवला. सिग्नल सुटला.

पंधरा दिवसांत डॉक्टर हर्षदनी रॅम्प दुरुस्त करून घेतला, चेंबरवर उघडता येईल असं झाकण बसवून. बांधकाम चालू असताना त्यांनी गवंड्याला अनुपमाशी फोनवर बोलायला लावलं, आणि झाकणाची जागा तिने विचारून विचारून ठरवली. त्या इमारतीचा नकाशा तिने स्वतः काढला, पेन्सिलने, पट्टी लावून, आणि देवस्थळींना फोटो पाठवला. देवस्थळींनी उत्तरात फक्त एक चूक दाखवली. उताराचा बाण उलटा पडला होता. तिने तो खोडून नीट केला.

बाळाने त्या आठवड्यात सुयोगकडून कॅमेरा शिकायला घेतला. पडद्याजवळ डोळे नेऊन तो बसतो आणि सुयोगला काही दिसायच्या आधी सांगतो, "हय वळान हा." बहुतेक वेळा असतंच.

मार्चमध्ये घाटकोपरच्या एका जुन्या सोसायटीत काम निघालं. अनुपमा गेटजवळच उतार मोजत होती. सेक्रेटरी गेटवर आले, खिशात हात घालून, आणि टेम्पोशी उभ्या असलेल्या सुयोग आणि बाळाकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमच्यातला उतरणारा कोण? मॅनहोल खोल आहे आमचं, आधीच सांगून ठेवतो."

अनुपमा वळून उत्तर देणार, तोवर बाळाने दिलं. त्याने हातातली केबल खाली ठेवली, छाती जराशी पुढे काढली आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आमच्यात कोण उतारणा नाय, साहेब. आम्ही वरसून काम करतो." मग त्याने बांबू उचलला आणि मॅनहोलकडे चालायला लागला.